घरात बीपी-शुगरचं माणूस आहे आणि कोविड झालाय, तर पहिल्या दिवसापासून काय काय बघायचं

आमचं तालुक्याच्या गावी मेडिकल आहे, आणि २०२१ च्या एप्रिल-मे मध्ये काउंटरवर उभं राहून जे पाहिलं ते अजून डोक्यातून जात नाही. एकाच गल्लीतले दोन गृहस्थ, दोघंही साठीच्या आसपास, दोघांनाही दहा-बारा वर्षांची शुगर, रिपोर्ट एकाच आठवड्यात पॉझिटिव्ह आला. एक जण घरीच बरे झाले. दुसरे वीस दिवस ऑक्सिजनवर होते आणि घरी आल्यावर महिन्याभरात म्युकरसाठी (काळ्या बुरशीसाठी) त्यांच्या वरच्या जबड्याचं ऑपरेशन करावं लागलं. नशिबाचा भाग असतोच, नाही म्हणत नाही, पण पहिल्या घरात ग्लुकोमीटर होतं, गोळ्या कधी चुकत नव्हत्या आणि सगळ्या गोळ्यांची यादी मुलीच्या मोबाइलमध्ये होती. दुसऱ्या घरात दीड वर्ष शुगर तपासलीच नव्हती, आणि ताप आला त्याच्या दुसऱ्याच दिवशी कुणा नातेवाइकाच्या चिठ्ठीचा फोटो दाखवून कुठूनतरी स्टेरॉइडच्या गोळ्या आणून सुरू केल्या होत्या.

म्हणून मला नुसतं "शुगर आहे हो त्यांना" असं कुणी म्हटलं की अर्धीच गोष्ट कळल्यासारखं वाटतं. आजार आहे हे खरं, पण तो किती ताब्यात आहे आणि ही माहिती डॉक्टरपर्यंत पहिल्याच दिवशी पोचली का, यावर फार काही ठरतं. कोविड आता २०२१ सारखा राहिलेला नाही, लस झालीय, बहुतेकांना एक-दोनदा होऊनही गेलाय, पण अधूनमधून पेशंट वाढतात आणि ज्यांना दवाखान्यात दाखल करावं लागतं त्यात वयस्कर आणि आधीचे आजार असलेलेच जास्त असतात. तेव्हा हे लिहून ठेवतोय, ज्याला उपयोगी पडेल त्याने वापरावं, मात्र गोळी सुरू-बंद करायचा निर्णय तुमच्या डॉक्टरांचाच.

आधी थोडं, आजारामुळे फरक किती पडतो ते

फेब्रुवारी २०२० मध्ये चीनच्या रोगनियंत्रण केंद्राने जवळपास ४४,७०० पक्क्या पेशंटचा हिशेब छापला होता. त्यात ज्यांना आधीचा कुठलाच आजार नव्हता त्यांच्यात १०० मागे साधारण १ मृत्यू (०.९), बीपीवाल्यांत ६, फुप्फुसाचा जुना आजार असलेल्यांत ६.३, शुगरवाल्यांत ७.३ आणि हृदयविकार असलेल्यांत १०.५. हे आकडे सुरुवातीच्या व्हायरसचे, लस यायच्या आधीचे आहेत, आज एवढे नाहीत, तेव्हा घाबरून जायला नको. पण कुणाची जास्त काळजी घ्यायची हे त्यातून कळतं.

त्याच वर्षी इंग्लंडमध्ये पावणेदोन कोटी लोकांच्या नोंदी तपासल्या, आणि तिथे मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली गोष्ट दिसली. ज्यांची शुगर कंट्रोलमध्ये होती त्यांचा मृत्यूचा धोका शुगर नसलेल्यांपेक्षा सुमारे १.३ पट, आणि ज्यांची एचबीएवनसी (मागच्या तीनेक महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी) ७.५ च्या वर होती त्यांचा जवळपास दुप्पट. आजाराचं नाव एकच आणि धोका मात्र वेगळा. बीपीचं तर असं की वय आणि बाकीचे आजार हिशेबात धरल्यावर नुसत्या बीपीचा वेगळा धोका जवळपास दिसेनासाच झाला. वयाचा फरक मात्र सगळ्यांहून मोठा होता, ऐंशीच्या पुढच्यांना पन्नाशीतल्यांपेक्षा वीसपटीहून जास्त. म्हणजे घरात ३५ वर्षांचा थायरॉइडचा पेशंट आणि ७८ वर्षांचे "मला काही नाही रे" म्हणणारे आजोबा असतील तर लक्ष आधी आजोबांकडे.

असं का होतं? आपलं शरीर प्रत्येक अवयवात थोडं हातचं राखून असतं. धडधाकट माणसाच्या फुप्फुसाचा एक भाग सुजला तरी बाकीचा भाग चालवून नेतो. सीओपीडीवाल्याने (म्हणजे फुप्फुसाचा जुना आजार असलेल्याने) ते हातचं आधीच खर्च केलेलं असतं. हार्टचं पंपिंग कमी असलेल्याला ताप आणि धाप एकदम झेपत नाही. शुगर बरीच वर्षं वाढलेली असेल तर पांढऱ्या पेशी नीट लढत नाहीत आणि रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर आधीच दुखावलेलं असतं, त्यावर कोविडमध्ये रक्ताच्या गुठळ्या व्हायची शक्यता वाढते. वजन जास्त असेल तर पोटाचा भार खालून फुप्फुसावर येतो आणि श्वास पूर्ण भरत नाही. लठ्ठपणा हा आजार आहे हेच आपल्याकडे मनावर घेत नाहीत, "खात्यापित्या घरचा आहे" म्हणतात, आणि पहिल्या दोन लाटांत चाळिशीतली जी धट्टीकट्टी दिसणारी माणसं गेली त्यांच्यात वजनवाले बरेच होते, निदान आमच्याकडे तरी.

आज करायचं काम: एक कागद

हे कुणी आजारी नसताना करायचं. काउंटरवर रोज ऐकतो, "ती बीपीची बारकी गुलाबी गोळी द्या आणि एक पांढरी अर्धी घेतात ती." मला आमच्या रोजच्या गिऱ्हाइकाचं कळतं, पण रात्री दोन वाजता कॅज्युअल्टीत बसलेल्या डॉक्टरला कसं कळणार? तेव्हा घरातल्या प्रत्येक वयस्कर माणसासाठी एक कागद करा. नाव, वय, वजन. कुठला आजार किती वर्षांपासून. प्रत्येक गोळीचं नाव, किती एमजी, सकाळी का रात्री. शेवटची एचबीएवनसी आणि क्रिएटिनिन (किडनीची तपासणी), तारखेसकट. स्टेंट किंवा बायपास झालं असेल तर कधी. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती ठळक अक्षरात. कशाची अॅलर्जी. लशीचे डोस कधी झाले. आणि एक गोष्ट जी कुणीच लिहीत नाही, ती म्हणजे बरं असतानाचा ऑक्सिजन किती. फुप्फुसाचा जुना आजार असलेल्याचा एरवीचाच ९१-९२ असतो, ते माहीत नसेल तर एक तर उगीच धावपळ होते नाहीतर खरंच खाली गेलेला लक्षात येत नाही. गोळ्यांच्या पाकिटांचे मागून-पुढून फोटो काढून कागदाच्या फोटोसोबत घरच्या ग्रुपवर टाकून ठेवा. मुलगा पुण्यात, मुलगी दुबईत असते अशा घरांत तर हे पाहिजेच.

आणि लपवू नका. २०२० च्या सप्टेंबरमध्ये "माझे कुटुंब, माझी जबाबदारी" मध्ये आशाताई घरोघर ताप, ऑक्सिजन तपासत आणि आजार विचारत फिरत होत्या, आमच्या गल्लीत अर्ध्या लोकांनी "काही नाही, सगळे ठणठणीत" सांगितलं, नेऊन ठेवतील या भीतीने. टीबी, एचआयव्ही, मिरगी, मानसिक आजाराच्या गोळ्या हे तर घरातसुद्धा लपवलेलं असतं. निदान डॉक्टरला एकट्याला तरी सांगा, कारण या गोळ्यांचं आणि कोविडच्या औषधांचं आपसात वाकडं असू शकतं.

दिवस कसे मोजायचे

रिपोर्ट आला तो पहिला दिवस नव्हे. अंग दुखायला लागलं, घसा धरला, कणकण आली तो पहिला दिवस. ही चूक फार जण करतात आणि मग "अजून तिसराच दिवस आहे" म्हणत बसतात तेव्हा खरा सातवा असतो. ज्यांची तब्येत बिघडते त्यांची बहुतेक करून पाचव्या ते दहाव्या दिवसात बिघडते, ताप उतरून बरं वाटायला लागल्यावरही. वहीत तारीख टाकून रोज तीन-चार वेळा लिहा: ताप, नाडी, ऑक्सिजन, बीपी, शुगर, किती जेवले, लघवी नीट होतेय का.

ऑक्सिमीटर लावताना बोट गरम हवं, नेलपॉलिश किंवा ताजी मेंदी नको, पाच मिनिटं शांत बसून मगच लावायचं आणि आकडा स्थिर झाल्यावर घ्यायचा. ९४ किंवा वर असेल तर ठीक. ९३ ते ९० म्हणजे डॉक्टरला लगेच कळवून दाखल व्हायला निघायचं. ९० च्या खाली म्हणजे फोनचीही वाट न बघता ताबडतोब. सीओपीडीवाल्यांचा हिशेब वेगळा, त्यांचा नेहमीचा आकडा किती त्यावरून बघायचं, आणि त्यांना ऑक्सिजन देतानाही डॉक्टर बहुधा ८८ ते ९२ एवढाच राखतात, कारण काहींना जास्त ऑक्सिजनचाच त्रास होतो. घरी सिलिंडर आणून नॉब फुल फिरवायचा नाही.

चालण्याची टेस्ट आठवतेय ना? बसून ऑक्सिजन बघायचा, मग घरातल्या घरात सपाट जागेवर ६ मिनिटं चालायचं, साठीच्या पुढे ३ मिनिटं पुरे, आणि परत बघायचा. ९४ च्या खाली गेला किंवा ३-४ अंकांनी उतरला तर फुप्फुसात गडबड आहे असं समजून फोन करायचा. बसल्या जागीच आकडा कमी असेल, छातीत दुखत असेल, तोल जात असेल तर ही टेस्ट करू नका. कोविडमध्ये ऑक्सिजन बराच खाली जाऊनही माणूस गप्पा मारत चहा पीत बसलेला असतो, दम लागलेला जाणवतच नाही, म्हणून "दिसतायत तर बरे" यावर जाऊ नका.

शुगरवाल्यांसाठी, जरा सविस्तर

कुठलंही इन्फेक्शन झालं की शुगर वाढते, जेवण अर्धं झालेलं असलं तरी. ग्लुकोमीटर नसेल तर आणाच, स्ट्रिपा एक्सपायरीच्या आतल्या बघून घ्या. दिवसातून चार वेळा तपासा: उठल्यावर आणि तिन्ही वेळच्या खाण्यानंतर दोन तासांनी.

जे इन्सुलिन घेतात त्यांनी "आज काही खाल्लं नाही" म्हणून इन्सुलिन मनाने पूर्ण बंद करायचं नाही. विशेषतः लहानपणापासूनची, टाइप १ शुगर असलेल्यांनी तर कधीच नाही. डोस किती करायचा ते फोनवर विचारा. उलट ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेतली आणि जेवणच गेलं नाही तर शुगर ७० च्या खाली जाऊ शकते, घाम फुटतो, हात थरथरतात, माणूस बरळायला लागतो. तेव्हा लगेच तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून, पंधरा मिनिटांनी परत तपासायचं. ग्लानीत असेल तर तोंडात काही ओतू नका, सरळ दवाखाना.

आणखी एक, ज्याबद्दल मी गिऱ्हाइकांना आवर्जून विचारतो. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या हल्ली खूप जणांना चालू असतात, कुणाला शुगरसाठी, कुणाला हार्टसाठी. उलट्या-जुलाब होतायत, खाणंपिणं थांबलंय अशा आजारपणात या गोळ्या सहसा तात्पुरत्या बंद ठेवायला सांगतात, कारण शुगर फार वाढलेली नसतानाही रक्तात आम्ल साचू शकतं. मेटफॉर्मिनही तब्येत जास्त बिघडली, किडनीवर ताण आला की थांबवतात. पाकिटावर ही नावं असतील तर पहिल्या फोनमध्येच डॉक्टरला सांगा.

आता स्टेरॉइड. २०२० च्या जूनमध्ये इंग्लंडमधल्या रिकव्हरी ट्रायलने दाखवलं की रोज ६ एमजी डेक्सामेथासोन दिल्याने व्हेंटिलेटरवरच्या पेशंटमधले मृत्यू एक तृतीयांशाने आणि ऑक्सिजनवरच्यांतले एक पंचमांशाने कमी झाले. स्वस्तातली जुनी गोळी, खूप जीव वाचले तिने. पण ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता त्यांना काहीच फायदा झाला नाही, उलट नुकसान होण्याचीच शक्यता दिसली. एवढं दुसरं वाक्य लोकांपर्यंत पोचलंच नाही हो. दुसऱ्या लाटेत पहिल्या-दुसऱ्या दिवशी, घरी, ऑक्सिजन ९८ असताना, शुगरवाल्या माणसांनी या गोळ्या खाल्ल्या. स्टेरॉइडने शुगर ३००-४०० वर जाते, प्रतिकारशक्ती दबते आणि काळी बुरशी नेमकी अशाच शरीरात घर करते. मे २०२१ मध्ये केंद्राने राज्यांना म्युकरची प्रत्येक केस कळवणं बंधनकारक करायला सांगितलं, आणि महाराष्ट्र-गुजरातमध्ये केसेस सगळ्यात जास्त होत्या. त्यावरच्या अँफोटेरिसिनच्या इंजेक्शनसाठी लोक चार-चार जिल्हे फिरताना मी पाहिलेत.

म्हणून ऑक्सिजन नॉर्मल असताना कुणी स्टेरॉइड लिहून दिलं तर शांतपणे "मला शुगर आहे, हे लागेलच का?" एवढं विचारा. दवाखान्यात लागलंच तर घ्यायचं, तिथे शुगरच्या भीतीने नाही म्हणू नका, पण शुगर रोज तपासली जातेय ना हे नातेवाइकांनी बघायचं. स्टेरॉइड सकाळी घेतलं की शुगर दुपार-संध्याकाळ जास्त चढते, नुसती सकाळची रिकाम्या पोटीची बघितली तर सगळं छान वाटतं. ती साधारण १४० ते १८० च्या दरम्यान ठेवायचा डॉक्टरांचा प्रयत्न असतो.

बीपी आणि हार्टवाले

मार्च २०२० मध्ये एक अफवा उठली होती की टेल्मिसार्टन, लोसार्टन, रामिप्रिल या बीपीच्या गोळ्यांनी कोविड वाढतो, कारण व्हायरस ज्या एसीई-२ नावाच्या दाराने पेशीत शिरतो त्याच्याशी या गोळ्यांचा संबंध. भरपूर लोकांनी गोळ्या सोडल्या आणि बीपी १८०-२०० करून आले. नंतर ब्राझीलमध्ये रीतसर ट्रायल झाली, गोळी चालू ठेवलेल्यांत आणि थांबवलेल्यांत फरक आला नाही. तेव्हा बीपीची गोळी मनाने सोडायची नाही. फक्त जुलाब-उलट्या होऊन बीपी खाली आलं असेल, १०० च्या आत, चक्कर येत असेल, तर मात्र गोळी गिळायच्या आधी विचारा, लघवी वाढवणारी गोळी असेल तर नक्कीच.

स्टेंटवाल्यांनी अॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या एकही दिवस चुकवू नका, कोविडनंतरच्या काही आठवड्यांत हार्ट अटॅक आणि पॅरालिसिसचा धोका वाढलेला असतो. छातीत दुखलं तर "कोविडचंच असेल" म्हणून थांबू नका. अंगदुखीला पॅरासिटामोल. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनसारखी पेनकिलर हार्ट आणि किडनीच्या पेशंटने लांबच ठेवायची, ती सर्दी-तापाच्या मिक्स गोळ्यांतही असते.

बाकीच्यांचं थोडक्यात

दम्याचं लोकांना फार भय होतं, पण नीट कंट्रोलमध्ये असलेला दमा तेवढा धोक्याचा निघाला नाही. पंप बंद करू नका, एवढंच. नेब्युलायझरपेक्षा पंप आणि स्पेसर (पंपाला लावायची नळी) बरा, नेब्युलायझरने वाफेबरोबर व्हायरस खोलीत पसरू शकतो. थायरॉइडची गोळी चालू असलेल्यांनी काळजी करू नये, गोळी रोजची रोज घ्यावी.

किडनीवाल्यांचं मात्र अवघड. डायलिसिस पुढे ढकलता येत नाही, आणि पॉझिटिव्ह पेशंटचं डायलिसिस वेगळ्या मशीनवर, वेगळ्या वेळेला करतात, तेव्हा लक्षणं दिसली की तपासणी त्याच दिवशी करून सेंटरला आधी फोन करा, तिथे जाऊन मग सांगू नका. किडनी बदललेल्यांनी टॅक्रोलिमससारख्या (शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून दिलेल्या) गोळ्या स्वतःहून कमी करायच्या नाहीत आणि कोविडची कुठलीही नवी गोळी किडनीच्या डॉक्टरला विचारल्याशिवाय नको.

विदर्भात सिकलसेलची (तांबड्या रक्तपेशी कोयत्यासारख्या वाकड्या होण्याचा आनुवंशिक आजार) बरीच घरं आहेत. १ मार्च २०२१ ला ४५ ते ५९ वयाच्या आजारी लोकांना लस सुरू झाली तेव्हा २० आजारांच्या यादीत सिकलसेल होता, तो उगीच नव्हता. ताप, पाणी कमी पडणं, ऑक्सिजन उतरणं, यातल्या प्रत्येकाने सिकलसेलचा क्रायसिस (अचानक असह्य दुखणं) होऊ शकतो, आणि त्यात छातीत दुखून धाप लागली तर घरी थांबायचंच नाही.

दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर कोविडसोबत थुंकी टीबीसाठीही तपासा. टीबीच्या आणि एआरटीच्या (एचआयव्हीवरच्या) गोळ्यांत खंड नको. कॅन्सरची केमो चालू असलेल्यांनी ताप आला की त्याच तासाला केमोच्या डॉक्टरला कळवायचं. गरोदर बाईला कोविड झाला तर आयसीयू लागायची शक्यता इतर बायकांपेक्षा जास्त असते, आणि बरोबर बीपी किंवा शुगर असेल तर आणखी, तेव्हा तिच्या बाबतीत "वय लहान आहे" हा हिशेब चालत नाही.

औषध मिळण्याची वेळ

जास्त धोका असलेल्यांसाठी व्हायरसवरची औषधं आहेत, पण ती सुरुवातीलाच घेतली तर उपयोग. निरमॅट्रेलविर-रिटोनाविर पाच दिवसांच्या आत सुरू करावं लागतं. यातलं रिटोनाविर कोलेस्टेरॉलच्या गोळ्या, क्लोपिडोग्रेल, काही बीपीच्या गोळ्या, टॅक्रोलिमस, अशा बऱ्याच औषधांचं शरीरातलं प्रमाण बदलून टाकतं. मगाशी तो कागद करा म्हणालो तो इथे कामाला येतो. म्हणून ज्यांना जास्त धोका आहे त्यांनी "बघू दोन दिवस" न करता पहिल्या-दुसऱ्या दिवशीच टेस्ट करावी. तरुण पोराने दोन दिवस वाट पाहिली तर चालतं, आजीने नाही.

कधी उठून निघायचं: ऑक्सिजन ९३ किंवा खाली (सीओपीडीवाल्यांना नेहमीच्या आकड्यापेक्षा खाली), बसल्या जागी मिनिटाला २४ पेक्षा जास्त श्वास, छातीत दाब, एकसारखी झोप किंवा बरळणं, लघवी फारच कमी, ओठ निळसर, शुगर दोनदा ३०० च्या वर. वयस्कर माणसात कधी ताप-खोकला काहीच नसतो, नुसतं जेवण सोडतात, गप्प पडून राहतात, तोल जाऊन पडतात. तेही लक्षणच आहे. गाडी येईपर्यंत जमत असेल तर पालथं झोपवा, छातीखाली आणि पायाखाली उशी. पोट मोठं असेल किंवा गरोदर असेल तर कुशीवर. जाताना कागद, जुनी फाईल, सगळ्या गोळ्या एका पिशवीत.

घरी आल्यावर

डिस्चार्जच्या वेळी इन्सुलिन किंवा शुगरच्या गोळ्या वाढवलेल्या असतात, स्टेरॉइड चालू होतं म्हणून. स्टेरॉइड कमी होऊन बंद झालं की तोच डोस जास्त व्हायला लागतो आणि एखाद्या पहाटे शुगर ५०-६० वर येते. त्यामुळे पहिले दोन आठवडे तपासणं चालू ठेवा आणि आकडे लिहून आपल्या नेहमीच्या डॉक्टरला दाखवा, दर तीन-चार दिवसांनी. नाक एका बाजूने बंद, काळसर किंवा रक्ताळ शेंबूड, गालावर सूज किंवा बधिरपणा, वरचे दात हलणं, एका डोळ्याची पापणी जड होणं किंवा दोन-दोन दिसणं, यातलं काहीही झालं तर दुसऱ्या दिवसाची वाट न बघता त्याच दिवशी कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे जा, त्यात एक-एक दिवस मोलाचा असतो. आणि डिस्चार्ज कार्डवर जुन्या कुठल्या गोळ्या परत सुरू करायच्या ते लिहिलेलं नसेल तर दवाखान्याच्या दारातून बाहेर पडायच्या आधीच विचारून घ्या, आमच्या काउंटरवर येऊन "आता आधीची टेल्मिसार्टन घ्यायची का नाही" हे विचारणारे रोज असतात, आणि फाईल न बघता त्याचं उत्तर मी देऊ शकत नाही.